वजनाचं ऑपरेशन : घरी आल्यानंतर

गेल्या काही कार्यक्रमांनंतर ‘वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेऊ का?’ असे फोन सारखे येत आहेत. आम्ही दोघी, एक परिचारिका आणि एक आहारतज्ज्ञ, अशा रुग्णांबरोबर काही वर्षं काम करतो आहोत. करा किंवा करू नका, हे रेडिओवरून सांगणं बरोबर नाही. ज्यांचा मधुमेह, ज्यांची धाप या ऑपरेशनने कमी झाली, अशा बायका आम्ही पाहिल्या आहेत. पण त्याची दुसरी बाजू ऑपरेशनआधी नीट कुणी ऐकत नाही, म्हणून आज तीच सांगतो.

एक गैरसमज आधी काढू. हे पोटावरची चरबी काढायचं ऑपरेशन नाही. इथे काम जठरावर होतं. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून कायमचा काढतात, उरते केळ्याएवढी नळी. ‘बायपास’मध्ये जठराची छोटीशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दुर्बिणीतून होत असल्यामुळे बाहेरून चार-पाच बारीक छेद दिसतात आणि भेटायला येणाऱ्यांना वाटतं, काही विशेष झालेलं नाही. आतली शिवण मात्र चांगली लांबलचक असते.

ती शिवण क्वचित गळते. स्लीव्हमध्ये शंभरात एखाद-दोघींच्या बाबतीत हे होतं, आणि पुष्कळदा घरी आल्यावर कळतं. छातीत सारखी धडधड, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं, धाप. गॅस झाला असेल म्हणून ओवा चावत बसू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते, म्हणूनच पहिल्या दिवसापासून चालायला लावतात. ‘टाके ओले आणि ही मला फिरवते’ असं आम्हाला ऐकावं लागतं. ऐकतो, आणि फिरवतो. मृत्यूचं प्रमाण हजारात साधारण एक, म्हणजे पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या जवळपास.

आता आमच्याकडून झालेली चूक सांगतो. एका ताईंना स्लीव्हनंतर दुसऱ्या आठवड्यापासून उलट्या सुरू झाल्या. त्यांनी फोन केला. ‘घोट घोट प्या, सुरुवातीला होतंच असं,’ आम्ही म्हटलं. पुन्हा फोन आला, पुन्हा तेच उत्तर. सहाव्या आठवड्यात त्यांच्या मुलीचा फोन आला : आईला एकाचे दोन दिसतात, चालताना झोक जातो, काल वार विचारला तर सांगता आला नाही. अशक्तपणा म्हणून गावात ग्लुकोजचं सलाईन लावून झालं होतं.

शरीरात बी-१ जीवनसत्त्वाचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा असतो. खाल्लेलं टिकत नसेल तर तो संपतो आणि मेंदूला इजा होते. अशा वेळी बी-१ न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर इजा वाढते. आधी बी-१ चं इंजेक्शन, मग ग्लुकोज. ताईंना ते मिळालं. डोळे सुधारले, स्मरण बरंचसं परत आलं. जिना मात्र त्या अजून कठड्याला धरून उतरतात. तेव्हापासून दोन-तीन दिवस उलट्या थांबल्या नाहीत असं कळलं, की आम्ही फोनवर सल्ला देत नाही, बोलावून घेतो. ऑपरेशनचा कागद पर्समध्ये ठेवा आणि सलाईन लावणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला दाखवा.

लोह, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. मुळात आपल्यापैकी कितीतरी जणींचं हिमोग्लोबिन कमी, त्यात ज्यांना पाळीत जास्त जातं त्यांनी फार जपावं. लोहाची गोळी चहाबरोबर नको. कॅल्शियम आणि लोह यांत दोन तासांचं अंतर ठेवा. तिसऱ्या महिन्यापासून केस गळतात, ते बहुतेकींचे परत येतात. वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होतात. बायपासनंतर पेढा, जिलबी खाल्ली तर घाम, धडधड, चक्कर येते. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेतल्या तर जोडाजवळ अल्सर होतो. आणि तंबाखू बंद. मिश्रीसुद्धा. हे सांगितलं की बायका खाली बघतात, म्हणजे आम्हाला उत्तर मिळतं.

नव्या सुनांसाठी एक : वजन उतरलं की अनियमित पाळी सुरळीत होते आणि ध्यानीमनी नसताना दिवस राहतात. पहिलं वर्ष-दीड वर्ष गर्भ राहू देऊ नये, बाळाला पोषण पुरत नाही. बायपास झाला असेल किंवा उलट्या होत असतील तर गर्भनिरोधक गोळीवर भरवसा नको. तांबीबद्दल डॉक्टरांशी बोला, तेही ऑपरेशनच्या आधी.

शेवटचा प्रश्न एका आजींचा, सुनेसाठी विचारलेला : हरतालिकेचा उपवास चालेल का? निर्जळी नाही, आजी. तिला पाणी एकदम पिता येत नाही, दिवसभर घोट घोट प्यावं लागतं. एक दिवस चुकला तरी ती कोरडी पडते. साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नसतातच, आणि तिला रोज साठ ग्रॅम तरी हवीत. पूजा तिला करू द्या, ताक-पनीर तुम्ही हातात द्या. तुमच्या हातून मिळालं तर ती नाही म्हणणार नाही.