विळ्यासारख्या पेशी आणि भिशीच्या चिठ्ठ्या

आमच्या गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वही लिहून झाली की अर्धा तास आम्ही आरोग्याचा एखादा विषय घेतो. त्यात सगळ्यात जास्त प्रश्न आले ते सिकलसेलबद्दल. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, इकडे मेळघाट, तिकडे नंदुरबार, या भागात हा शब्द माहीत नाही असं गाव नसेल. पण त्यातला 'सेल' म्हणजे काय असं विचारलं, तर पहिल्यांदा टॉर्चचा सेलच आठवतो. म्हणून आज तिथूनच सुरुवात करतो.

सेल म्हणजे पेशी. भिंत विटांची, तसं आपलं शरीर पेशींचं. फरक एवढाच की वीट निर्जीव असते आणि पेशी जिवंत. तिलाही अन्न लागतं, तीही कचरा बाहेर टाकते. तिच्याभोवती पातळ पडदा असतो. काय आत घ्यायचं, काय बाहेर सोडायचं, हे तो पडदा पाहतो. आत दाटसर रस असतो. त्यात तंतुकणिका नावाचे बारीक भाग असतात, ते पेशीची चूल. अन्नातून शक्ती तिथे तयार होते. आणि बहुतेक पेशींच्या आत असतं केंद्रक. आपल्या गटाची वही जशी, तसं ते. काय बनवायचं, कसं बनवायचं, सगळं तिथे लिहिलेलं. त्या वहीत 46 गुणसूत्रं असतात, म्हणजे 23 जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक बापाकडून. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता रक्तातली तांबडी पेशी पाहू. ती हाडांच्या आतल्या मगजात तयार होते आणि तयार होता होता आपलं केंद्रकच बाहेर टाकून देते. चूलही टाकून देते. कशासाठी? तर जागा व्हावी म्हणून. त्या जागेत ती हिमोग्लोबिन भरून घेते. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि अंगभर पोचवायचा, हे हिमोग्लोबिनचं काम. या पेशीचा आकार पेढ्यासारखा, दोन्हीकडून अंगठ्यानं दाबलेला. आणि मऊ इतकी की तिच्याहून अरुंद रक्तवाहिनीतूनही दुमडून निघून जाते. पण वहीच टाकून दिली, मग स्वतःची डागडुजी कशी करणार? म्हणून साधारण 120 दिवस काम करते आणि संपते. तोवर मगजात नव्या तयार होत असतात.

सिकलसेलमध्ये बिघड असतो तो या हिमोग्लोबिनमध्ये. हिमोग्लोबिनमध्ये चार साखळ्या असतात. त्यातल्या दोन साखळ्या प्रत्येकी 146 मण्यांच्या, आणि त्यांच्यातला फक्त सहावा मणी बदललेला असतो. एवढंच. पण प्राणवायू देऊन झाला की हे बदललेलं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, त्याच्या ताठ काड्या बनतात आणि मऊ पेढा वाकून विळा होतो. विळा दुमडत नाही. बारीक रक्तवाहिनीत अडकतो, मागचं रक्त तुंबतं, आणि पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही. ती कळ भयंकर असते. लहान बाळांचे हातपाय सुजतात. मोठ्यांच्या हाडांत, पाठीत, छातीत दुखतं. आपल्याकडे 'वात आहे', 'बाहेरचं लागलं' म्हणत वर्षं निघून जातात. शिवाय ही वाकडी पेशी 120 दिवस टिकत नाही, दहा-वीस दिवसांत फुटते. मगज कितीही राबला तरी भरपाई होत नाही, म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे.

आता ती जोडीची गोष्ट. हिमोग्लोबिनच्या त्या साखळीच्याही दोन चिठ्ठ्या असतात, एक आईची, एक बापाची. एकच चिठ्ठी बिघडलेली असेल तर त्या माणसाला वाहक म्हणतात, रिपोर्टवर ए-एस लिहितात. वाहक आजारी नसतो. शेती करतो, संसार करतो, बहुधा त्याला कळतही नाही. उलट जीवघेण्या हिवतापापासून वाहकाला बरंच संरक्षण मिळतं. जिथे हिवताप फार, तिथेच पिढ्यान्‌पिढ्या ही चिठ्ठी टिकली, ती यामुळे. दोन्ही चिठ्ठ्या बिघडलेल्या असतील तर एस-एस, म्हणजे आजार.

नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एस-एस मुलाची, दोन वाहकाची, एक पूर्ण निरोगी मुलाची. इथे भिशीची आठवण ठेवा, पण एक फरक आहे. भिशीत एकीची चिठ्ठी निघाली की ती पुन्हा डब्यात जात नाही. इथे दर वेळी सगळ्या चिठ्ठ्या परत डब्यात. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन चांगली होतील, हा हिशेब चुकीचा.

आणि आम्हाला आज मुख्य सांगायचंय ते हे. एस-एस मुलाला एक चिठ्ठी आईनं दिलेली असते, तर दुसरी बापानं दिलेलीच असते. एकट्या आईकडून हा आजार येऊच शकत नाही. तरी 'हिच्या माहेरचं रक्त खराब' असं ऐकून मूल काखेत घेऊन माहेरी आलेल्या बाया आपल्या गटांत आहेत. सोयरीक जुळवताना मुलीचा रिपोर्ट मागतात, मुलाचा विचारला तर पाहुण्यांना राग येतो. अर्ध्या चिठ्ठ्या बघून काय कळणार? वाहक मुलीचं लग्न वाहक नसलेल्या मुलाशी झालं तर एस-एस मूल होत नाही. म्हणून वाहक मुलीला नाकारायचं काहीच कारण नाही, मुलाची तपासणी करायचं मात्र आहे.

1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशात शहडोलला देशाचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, त्यात 40 वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी ठरली आहे. आशाताईंना विचारा. पहिल्या चाचणीला बोटातून थेंबभर रक्त लागतं. पण त्या चाचणीत 'आहे' एवढंच कळतं. वाहक की आजारी, हे सांगायला दुसरी चाचणी करावी लागते. पहिल्याच कागदावर घाबरू नका आणि दुसरा कागद हाती आल्याशिवाय थांबूही नका.

घरात एस-एस मूल असेल तर रक्त वाढावं म्हणून लोहाच्या गोळ्या मनानं देऊ नका. फुटलेल्या पेशींतलं लोह अंगातच राहतं, जास्तीचं साचून अपाय होतो. डॉक्टर फॉलिक ॲसिड देतात, हायड्रॉक्सीयुरिया देतात. त्यानं दुखण्याचे झटके कमी होतात. ताप आला, छातीत दुखलं किंवा श्वास लागला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. थंडीत स्वेटर, उन्हात सावली आणि दिवसभर पाणी. शाळेत बाईंना सांगून ठेवा की या लेकराजवळ पाण्याची बाटली राहू द्या, आणि ते सारखं लघवीला जातो म्हणालं तर जाऊ द्या.