लेकराचा क्षय, आईचा खाडा
(चाकण परिसरातील कामगार कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



पिंपरी आणि क्षयरोग यांचे नाते जुने आहे. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने तेथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. प्रथम पेनिसिलीन आणि पुढे क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिन त्यात तयार होऊ लागले. ज्या पट्ट्यात हे औषध बनले, त्याच पट्ट्यातील पत्र्याच्या खोल्यांत आजही मुलांना क्षय होतो आणि दोष मात्र आईच्या अज्ञानाला दिला जातो. हा आरोप कितपत खरा आहे?

आईला काही गोष्टी ठाऊक हव्यात, हे निर्विवाद. दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळणारा ताप किंवा खोकला, घटणारे वा न वाढणारे वजन, मानेतल्या गाठी ही मुलातील क्षयाची लक्षणे होत. लहान मूल बेडका गिळून टाकते. त्यामुळे थुंकीच्या तपासणीत रोग अनेकदा निसटतो. बीसीजीची लस मेंदूच्या व सर्वांगात पसरणाऱ्या क्षयापासून बरेच संरक्षण देते; पण ती टोचली म्हणजे क्षय होणारच नाही, असे नव्हे. मुख्य गोष्ट ही की, मुलाला हा रोग बहुधा घरातल्या मोठ्या माणसाकडून लागतो. म्हणून घरात कुणाला फुप्फुसाचा क्षय निघाला, तर पाच वर्षांखालील प्रत्येक मुलाची तपासणी झाली पाहिजे. रोग नसला तरी त्यास प्रतिबंधक औषध दिले पाहिजे. सरकारी दवाखान्यात ते विनामूल्य मिळते.

परंतु खोकणारा बापच आपला रोग लपवीत असेल, तर आईने काय ओळखावे? तो का लपवितो, हे आपण जाणतो. कामगार राज्य विमा योजनेत क्षयरोग्यास वेतनाच्या ८० टक्के लाभ दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. पण त्यासाठी दोन वर्षांची सलग नोकरी लागते. महाळुंगे, निघोजे, कुरुळीच्या खोल्यांत राहणाऱ्या आणि मधूनमधून काम सुटणाऱ्या कंत्राटी मजुराने ती कोठून आणावी? रोग उघड झाला तर उद्या काम नाही, एवढेच त्याला दिसते.

आईचीही तीच गत. तपासणीचा एक खाडा, एक्स-रेचा दुसरा, अहवालाचा तिसरा. शिवाय सुनेने रोग आणला, हे दूषण वेगळेच. २०१८ पासून क्षयरोग्यांना पोषणासाठी दरमहा ५०० रुपये मिळू लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. हे स्वागतार्ह आहे. पण हे साहाय्य निदानानंतरचे. निदानापर्यंतच्या बुडालेल्या मजुरीचे काय?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. मुलाच्या तपासणीसाठी आई वा बापास भरपगारी रजा, कंत्राटी कामगारांसह. पाळी सुटल्यावर उघडा असणारा दवाखाना. क्षय झाला म्हणून कामावरून न काढण्याची हमी. विमा लाभासाठी सलग नोकरीची अट शिथिल.

आणि आपले स्वतःचे काम? क्षयाविषयी बोलावयाचे ते केवळ अंगणवाडीतील मातांपुढे नव्हे. कारखान्याच्या फाटकावर, बापांपुढेही. दोन आठवडे खोकणाऱ्या सोबत्याला पुढच्या सुटीच्या दिवसाची वाट न पाहता दवाखान्यात न्या आणि त्याच्या घरच्या मुलांचे वजन करावयास सांगा. हे ज्ञान एकट्या आईच्या पदरी टाकून मोकळे होण्याचा अधिकार आपणांपैकी कुणालाही नाही.