सुताराची हत्यारे



संघटनेच्या माणसाच्या तोंडी 'हत्यार' हा शब्द आला की श्रोत्यांना संप आठवतो. आज घाबरू नका. रंधा, पटाशी, करवत, वाकस या सुताराच्या पेटीतल्या हत्यारांविषयी आम्ही बोलणार आहोत.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात लाकडाची वाण कधी पडली नाही. दारा-खिडक्यांना साग, कुऱ्हाडीच्या दांड्याला धावडा. गावोगावच्या सुतारांनी यातूनच नांगर आणि बंड्या घडवल्या. पुढे ट्रॅक्टर आला, रबरी चाके आली आणि पेट्या माळ्यावर गेल्या. म्हातारा सुतार वारला की मुले ती पेटी भंगारात किलोवर विकतात. आम्हाला हा नाद लागला तो त्या भंगाराच्या ढिगापाशी.

गंजलेले पाते आणावे आणि रात्रभर रॉकेलात बुडवून ठेवावे. रॉकेल आता कुठले मिळायला, डिझेल चालते. सकाळी विटेच्या भुकटीने घासावे. जुन्या पात्याच्या धारेजवळ मग दोन रंग दिसू लागतात. पोलाद महाग होते, म्हणून लोहार मऊ लोखंडावर पोलादाची पातळ पट्टी तापवून, ठोकून जोडीत असे. पाठ दगडावर सपाट करावी, मग 25 अंशांच्या उताराने धार लावावी. पाठीमागे बारीक कोर उठते, ती बोटाला कळते, तीही काढावी. मुठीला जवसाचे तेल द्यावे. आपल्याकडे उभ्या धानात जवस फेकतात, त्याचेच तेल. ते हवेतला प्राणवायू घेऊन लाकडात घट्ट होते. शेंगदाण्याचे तसे होत नाही. एवढे केल्यावर सागाच्या फळीवरून रंधा सरकतो आणि कागदासारखा छिलका वेटोळे घेत वर येतो. त्या वेळी जेवायची हाक ऐकू येत नाही, हे आमच्या घरचे सांगतील!

या हत्यारांत अक्कल फार आहे. विलायती करवत ढकलताना कापते, आपली जुनी करवत ओढताना कापे. जमिनीवर बसून, पायाने लाकूड धरून काम करणाऱ्याला ओढणेच सोयीचे. जपानी सुतारही ओढतोच. आपल्या सुताराच्या या बैठकीला साहेब मात्र मागासलेपण म्हणत.

कोणी म्हणेल, हे पोट भरलेल्यांचे चोचले. मजुरी वाढवा, तास कमी करा, हे आम्ही जन्मभर मागत आलो आणि ते मागणे योग्यच होते. 1948 च्या कारखाने कायद्याने आठवड्याचे 48 तास ठरले, तेही फुकट मिळाले नाहीत. पण कामातला आनंद कोणत्याही मागणीपत्रात आम्ही वाचला नाही. आपल्या विडी कामगार बाईकडे पाहा. पान ठेकेदाराचे, तंबाखू ठेकेदाराचा, मजुरी हजार विड्यांवर. कात्री तेवढी तिची. ती कात्री ती दुसऱ्याला हात लावू देत नाही. का, ते आम्हाला जुना रंधा हातात घेतल्यावर नीट समजले. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी मुलांच्या हाती हस्तोद्योग द्यायला सांगितले. त्यातला हा भाग शाळांनी लवकर सोडून दिला, असे आमचे मत आहे.

तेव्हा माळ्यावर पेटी असेल तर विकण्यापूर्वी घरच्या म्हाताऱ्याला एकेक हत्यार दाखवून विचारा, याने काय करीत होता. नावेही लिहून घ्या. आमच्याकडे एक शिसवी रंधा आहे. त्याची मूठ नेमकी उलट्या बाजूने झिजली आहे; धनी डावखुरा असावा. आमच्या हाताला ती टोचते. मूठ आम्ही बदललेली नाही.