आवळा, पेरू आणि चिंच

(पुणे येथे प्रौढ साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज ‘क’ जीवनसत्त्वाविषयी बोलू. यालाच व्हिटॅमिन सी म्हणतात. ते डोळ्यांना दिसत नाही. पण त्याच्यावाचून धडधाकट माणूस खंगतो.

याचा दाखला लांबचा नाही. पहिल्या महायुद्धात पुण्याच्या नावाची एक फौज इराकात लढत होती. सहावी पूना डिव्हिजन. तीत मराठा पलटणीही होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये कूत या गावी तुर्कांनी तिला वेढा घातला. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. ताजी भाजी नाही, फळ नाही. पीठ तेवढे मोजून मिळे. मग घोडे कापून खायची पाळी आली. ताज्या मांसात हे जीवनसत्त्व थोडेफार असते. पण आपल्या पुष्कळ शिपायांनी धर्मापायी बरेच दिवस ते खाल्ले नाही. त्यांच्या हिरड्या सुजल्या, रक्त येऊ लागले, जखमा भरेनात. या रोगाला स्कर्व्ही म्हणतात. २९ एप्रिल १९१६ रोजी उपाशी फौजेने हत्यारे खाली ठेवली. गोळीला न डरणारे गडी, पण ताज्या पाल्याफळावाचून अंथरुणाला खिळले!

आता तुम्ही म्हणाल, “गुरुजी, आंबट खाल्ले की झाले!” तसे नाही. चिंच किती आंबट! पण तिच्यात हे जीवनसत्त्व फारच थोडे. चिंचेचा आंबटपणा वेगळा. उलट पेरू गोड, पण त्यात ते भरपूर. म्हणजे जीभ फसते. मग ओळखायचे कसे? थेंब मोजून.

चमचाभर तांदळाचे पीठ पाण्यात शिजवून पातळ पेज करा. ती गार करून गाळा. दोन चमचे पेज अर्धा पेला पाण्यात घाला. त्यात टिंक्चर आयोडिनचा एक थेंब टाका. पाणी निळेकाळे होईल. आता फळाचा गाळलेला रस एकेक थेंब सोडा आणि ढवळत राहा. ‘क’ जीवनसत्त्व तो निळा रंग घालवते. रंग गेला की थांबा. किती थेंब लागले ते लिहून ठेवा. थोड्या थेंबांत रंग गेला, तर रसात जीवनसत्त्व जास्त. पुष्कळ थेंब लागले, तर कमी. पेला, पेज आणि थेंब पाडायची नळी दर वेळी तीच घ्या. आयोडिनचे पाणी कोणी पिऊ नये. पोरांच्या हाती देऊ नये.

नेमका आकडा हवा असेल तर ‘क’ जीवनसत्त्वाची ५०० मिलिग्रॅमची गोळी एक लिटर पाण्यात विरघळवा. म्हणजे १०० मिलिलिटर पाण्यात ५० मिलिग्रॅम झाले. समजा, या पाण्याचे २० थेंब लागले आणि पेरूच्या रसाचे ५ च लागले. मग रस चौपट झाला. १०० मिलिलिटर रसात २०० मिलिग्रॅम! हा अंदाज आहे. प्रयोगशाळेत हेच काम अधिक काटेकोर करतात.

तोच रस उकळून, गार करून, आटला तेवढे पाणी घालून पुन्हा मोजा. आता थेंब जास्त लागतील. कारण उष्णतेने हे जीवनसत्त्व नासते. म्हणून लिंबू पिळायचे ते भांडे चुलीवरून उतरल्यावर. फळ चिरून फार वेळ ठेवू नये.

मोठ्या पुरुषाला रोज ८० मिलिग्रॅम आणि बाईला ६५ मिलिग्रॅम पुरते, असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली सांगितले आहे. १०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम असते. आवळ्यात त्याहूनही जास्त. लिंबाच्या रसात ४० ते ५०. म्हणजे एका पेरूत दिवसाचे भागते. हे जीवनसत्त्व भाकरीतले लोहही अंगी लावते. जेवताना लिंबाची फोड घ्यावी ती यासाठी. फळ नसेल तेव्हा मोड आलेली मटकी, मूग घ्यावेत. मोड येताना त्यांत हे जीवनसत्त्व तयार होते. पण मोड फार शिजवू नयेत.

बाटलीवर संत्र्याचे चित्र असले म्हणजे आत संत्रे असतेच असे नाही. चित्राला भुलून पैसे घालवू नका. तुम्हांला आता वाचता येते. बाटलीवर काय लिहिले आहे ते वाचा.

पुढल्या खेपेला ज्याच्या बांधावर पेरू असेल त्याने एक घेऊन यावा. आयोडिन मी आणीन. थेंब तुम्ही मोजा आणि आकडा फळ्यावर तुम्हीच लिहा.