मोटारीतील फ्यूज: स्थान आणि कार्य

भर पावसात मोटारीची काच पुसणारे वायपर अकस्मात थांबावेत आणि इंजिन मात्र निर्वेधपणे चालू असावे, असा प्रसंग आला म्हणजे प्रथम संशय घ्यावा तो फ्यूजचा.

बहुतेक मोटारींत फ्यूजच्या पेट्या दोन असतात: एक बॉनेटखाली बॅटरीच्या निकट, दुसरी डॅशबोर्डखाली, आणि कोणता फ्यूज कोणत्या उपकरणाकडे नेमला आहे, याचा नकाशा बहुधा झाकणाच्या आतील अंगास अथवा गाडीसोबतच्या पुस्तिकेत असतो.

फ्यूजचे मुख्य कार्य उपकरणापेक्षा तारेचे रक्षण करणे हे होय. 12 व्होल्टच्या व्यवस्थेत 60 वॉटचा दिवा 5 अँपिअर प्रवाह घेतो. परंतु तारेचे आवरण झिजून ती गाडीच्या लोखंडी सांगाड्यास टेकली, तर हाच प्रवाह शेकडो अँपिअरपर्यंत चढू शकतो, आणि अशा वेळी फ्यूजमधील बारीक धातुपट्टी स्वतः वितळून मार्ग खंडित करते, म्हणूनच तार तापून आग लागण्याचे अरिष्ट टळते.

चावी बंद करून फ्यूज प्लॅस्टिकच्या चिमट्याने सरळ उपसावा नि उजेडात धरावा. पारदर्शक अंगातून तुटलेली पट्टी बहुधा स्पष्ट दिसते. त्याची मर्यादा वर छापलेली असते, आणि नेहमीच्या चपट्या फ्यूजचा रंगही तेच सांगतो: तांबडा 10, निळा 15, पिवळा 20, हिरवा 30 अँपिअरचा. 10 च्या जागी 30 चा बसवणे, किंवा सिगारेटच्या पाकिटातील चांदी गुंडाळून तात्पुरती तजवीज करणे, हा अक्षम्य अविचार होय. नवा फ्यूजही लगोलग गेला, तर तिसरा न बसवता जाणत्या कारागिराकडून तारांची तपासणी अवश्य करून घ्यावी.