रात्रीची मुंबईची गाडी

अकोल्याचे जुने शहर मोर्णा नदीच्या पश्चिम तीरावर वसलेले आहे. असदगड व राजराजेश्वराचे देऊळ या बाजूस, तर ताजनापेठ आणि आगगाडीचे स्टेशन पलीकडे. त्यामुळे जुन्या शहरातील मनुष्य मुंबईस निघाला, की त्याचा प्रवास मोर्णेचा पूल ओलांडण्यापासून सुरू होतो.

सायंकाळी अमरावतीहून निघणारी मुंबईची गाडी बडनेरा, मूर्तिजापूर करीत रात्री अकोल्यास येते. अंबादेवीच्या गावची म्हणून लोक तिला अंबा एक्स्प्रेस म्हणतात. भुसावळ, मनमाड, नाशिक ही गावे झोपेतच मागे पडतात आणि सकाळी उतारू मुंबईत पोहोचतो. परतीची गाडी रात्री मुंबईहून सुटते. थळ घाटात दर ३७ फुटांस एक फूट असा चढ आहे. तो चढण्यासाठी कसाऱ्यास मागून इंजिने जोडतात. पहाटे पुन्हा अकोला. म्हणजे मुंबईत एक संपूर्ण दिवस मिळतो, आणि तेथे मुक्कामाचा खर्च पडत नाही. हिच्याहून वेगवान गाड्या आहेतच. हिचे मोल तिच्या वेळेत आहे.

हा लोहमार्ग उतारूंच्या सोयीसाठी टाकला गेला, असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसावर साहेबाची दृष्टी खिळली. १८६७ मध्ये मार्ग नागपुरास पोहोचला. त्याने अमरावतीस बाजूस टाकले, म्हणून बडनेऱ्याहून निराळा फाटा काढावा लागला.

त्या काळी वऱ्हाडी मनुष्यास मुंबईची गरज व्यापारापुरती होती. पुढे १९०३ पासून राजधानी नागपूर झाली, अर्जविनंत्याही तेथेच. १९५६ मध्ये वऱ्हाड मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि अडीचशे किलोमीटरांवरचे सरकार पावणेसहाशेंहून अधिक दूर गेले. नागपुरास हिवाळी अधिवेशन भरते खरे, पण फाईल काही थंडीची वाट पाहत मुंबईबाहेर पडत नाही!

तथापि कचेरीच्या कामास आठवडाभर थांबता येते. आजारास येत नाही. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये स्थापन झाले. कर्करोगाची शंका आली, की कित्येक वऱ्हाडी कुटुंबे अजूनही तेथेच धाव घेतात. दादरला उतरले की परळ जवळ. अशा घरी तारीख अचानक ठरते, आणि आरक्षण तर साठ दिवस आधी खुले होते. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते एकशेवीस दिवस आधी होत असे. मुदत घटली हे बरेच झाले, पण रोग साठ दिवसांचीही सूचना देत नाही. तत्काळ तिकिटास जादा दाम मोजावे लागतात आणि तेही हाती लागेलच असे नाही. आपत्कालीन कोट्यासाठी कोणा वजनदार माणसाचे पत्र लागते. ते मिळविण्याइतकी ओळख जुन्या शहरातील विणकराची वा हमालाची कोठून असणार?

त्याच्यासाठी उरतो बिनआरक्षणाचा डबा. बडनेऱ्यासच भरलेला तो डबा अकोल्यास येतो, तेव्हा रुग्णास पाय पसरावयास सोडाच, टेकावयासही जागा नसते. या मार्गावर वातानुकूलित डबे वाढविण्याची मागणी आपण सुशिक्षित मंडळी हौसेने करतो. माझे मागणे इतकेच, की पुढचा डबा जोडावयाचा झाला तर तो साध्या तिकिटाच्या उतारूंसाठी असावा.