परवानगी लागत नाही, जबाबदारी मात्र आहे
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



बांधकाम हा माझा रोजचा व्यवसाय, म्हणून शाळेच्या नव्या इमारतीबद्दल बोलायचं काम संयोजकांनी माझ्यावर सोपवलं. निधी देणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांनी फोनवर एकच प्रश्न विचारला होता, "पर्यावरणाची परवानगी काढावी लागेल का? त्यातच वर्ष जाईल का?" उत्तर सरळ आहे. लागणार नाही.

केंद्र सरकारच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असेल, तरच पर्यावरण मंजुरी लागते. म्हणजे सुमारे दोन लाख पंधरा हजार चौरस फूट. आपली दुमजली इमारत जेमतेम १०,००० चौरस फुटांची. विसावा हिस्सासुद्धा नाही.

पण मोठ्या शाळांचं काय झालं, ते ऐकण्यासारखं आहे. २०१४ च्या डिसेंबरमध्ये सरकारने शाळा, महाविद्यालयं आणि वसतिगृहांना दीड लाख चौरस मीटरपर्यंत या मंजुरीतून सूट दिली. केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ती रद्द केली. २९ जानेवारी २०२५ च्या अधिसूचनेने तशीच सूट पुन्हा आली. तेव्हा मुंबईची ‘वनशक्ती’ ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. ५ ऑगस्ट २०२५ रोजी, आपल्या अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश असताना, त्यांच्या खंडपीठाने ही सूट रद्द केली. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं. इमारत शाळेची असो की आणखी कुणाची, तेवढ्या मोठ्या बांधकामाचा परिणाम व्हायचा तो होतोच. शिवाय शिक्षण हासुद्धा आता भरभराटीचा उद्योग झाला आहे.

आपल्यासारख्या लहान शाळेला या निकालाने काही फरक पडत नाही. मात्र त्यामुळेच एक गोष्ट घडते. आपल्या आराखड्यावर पाणी, झाडं, सांडपाणी यांबद्दल प्रश्न विचारायला कुणीही येणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात वर्गखोल्या, मुला-मुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, स्वयंपाकघर, मैदान आणि कुंपण आहे. छतावरच्या पावसाचा उल्लेख त्यात नाही. तेव्हा हे प्रश्न आपणच विचारायचे.

गंमत अशी, की २०१४ ची सूट देतानाही सरकारने सांगितलं होतं : घनकचरा आणि सांडपाण्याची व्यवस्था करा, पावसाचं पाणी साठवा, राखेच्या विटांसारखं साहित्य वापरता येईल. बीड जिल्ह्याला यातलं काय अवघड आहे? राख तर परळीच्या औष्णिक केंद्रात ढिगाने पडलेली आहे.

आता पाण्याचा हिशेब सांगतो. गणिताच्या सरांनी तपासून घ्यावा. आपलं छत ५,००० चौरस फुटांचं, म्हणजे साधारण ४६५ चौरस मीटर. पाऊस ६०० मिलिमीटर धरला आणि वीस टक्के वाया गेला, तरी सव्वादोन लाख लिटर पाणी हाती येतं. ४०० मुलांना दिवसाला दोन लिटर प्यायला दिलं, तर रोजचे ८०० लिटर. वर्षाची सगळी शाळा भरून निघते. एवढी मोठी टाकी बांधायची गरज नाही. ५०,००० लिटरची टाकी बांधू, ती शाळेचे ६२ दिवस चालेल. फेब्रुवारीपासून ती उघडायची. बाकीचं पाणी गाळून बोअरजवळच्या खड्ड्यात मुरवायचं. टँकरची वाट पाहणं काय असतं, हे इथे कुणाला समजावून सांगायला नको.

दुसरी गोष्ट लिंबाच्या झाडांची. सध्याच्या नकाशात मैदानाकडचे तीन लिंब जातात. इमारत बारा फूट पूर्वेला सरकवली तर तिन्ही वाचतात. सायकल स्टँड तेवढा मागे न्यावा लागेल. एप्रिलमध्ये पत्र्याखाली बसायचं की लिंबाखाली, हे शाळेतल्या मुलांना विचारून बघा.

तिसरी गोष्ट सांडपाण्याची. खिचडीची भांडी आणि हात धुतल्याचं पाणी परसबागेला द्यायचं. स्वच्छतागृहाचा शोषखड्डा बोअरपासून ५० फूट तरी लांब हवा. आत्ताच्या नकाशात तो बोअरला लागूनच आहे.

चौथी गोष्ट, जुन्या निजामकालीन खोल्या पाडताना घडीव दगड आणि सागवानी तुळया मलब्यात जाऊ देऊ नका. कुंपणाला आणि ओट्यांना तोच दगड लागेल.

या सगळ्याने खर्च थोडा वाढेल. तो कुठून काढायचा, हेही सांगतो. नकाशात प्रवेशद्वाराची जी भव्य कमान आहे, देणगीदारांच्या नावांसहित, ती वगळावी. माझं नाव त्यात आहे, म्हणून हे मीच बोललेलं बरं.

बांधकाम समितीची बैठक अजून व्हायची आहे. नकाशा बदलायला आज कागद आणि खोडरबर पुरेल. पाया भरल्यावर तो बदलता येणार नाही. त्या बैठकीत या चार गोष्टी मांडाव्यात, एवढीच आपल्या सगळ्यांना विनंती.